काकूंसाठी नवा पत्ता

भेटायला आलेल्या प्रत्येकाला सबनीस काका चहा देत आणि लगेच विचारत, "तुला काही जाणवलं का?" काकू गेल्यापासून त्यांची ही सवयच झाली होती. कोणी हो म्हणालं, की त्यांच्यातला सेक्शन ऑफिसर जागा होई: कधी, कुठे, नेमकं काय. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समधले लोक त्यांना जरा टाळू लागले होते. मीही टाळत असे, हे कबूल करते.

कारण मला जाणवलं होतं. आमच्या मागच्या बाल्कन्या एकमेकींना लागून, मध्ये फक्त एक जाळी. काही द्यायचं असलं की काकू वाटी जाळीवर दोनदा वाजवत. त्यांना जाऊन महिना झाला असेल. मी दुपारी आमटीला फोडणी देत होते आणि जाळी दोनदा वाजली. मी सवयीने बाल्कनीत जाऊन हात पुढे केला. तिथे कोणी नव्हतं. भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. काकांकडे भांडी घासणाऱ्या शांतीलाही स्वयंपाकघरात काकूंच्या तेलाचा वास आला होता.

शेवटी मी काकांना सांगितलं, आणि चुकलेच. त्यांचा चेहरा पडला. "तू शेजारीण. शांती दिवसातून अर्धा तास येते. मी चौतीस वर्षांचा नवरा, आणि माझाच मामला पेंडिंग?"

मग ते सुट्टीच्या दुपारी पंखा, टीव्ही, फोन सगळं बंद करून बसू लागले. भर जूनमध्ये, घामाने निथळत. काकू म्हणजे मिक्सरवर आवाज चढवून बोलणारी बाई, त्या अशा शांततेत कशाला येतील, असं मला वाटे. पण वाट बघणाऱ्याला हे सांगायचं कसं? मुलगा म्हणाला, बाबा, हे मनाचे खेळ असतात. काका म्हणाले, "असतील. मग माझ्याच मनाला का नाही खेळता येत?"

खरी बोच वेगळी होती. काकूंना सांगलीला परतायचं होतं आणि काका दरवर्षी, पुढच्या वर्षी नोकरी सोडू, म्हणत राहिले. ती रागावून गेली, म्हणून माझ्याकडे येत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून ते मुलाकडे नोएडाला निघाले. टेम्पो भरून झाला तसे माझ्या दाराशी आले आणि पत्ता लिहिलेला कागद त्यांनी माझ्या हातात दिला. "तुझ्याकडे आली तर सांगशील? ती गेल्यावर घेतलाय तो फ्लॅट. तिला माहीत नाही."

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी जाळीशी उभी राहून तो पत्ता मोठ्याने वाचलासुद्धा. सेक्टर, टॉवर, मजला, सगळं. स्वतःचंच हसू आलं आणि रडूही.

त्यानंतर जाळी कधी वाजली नाही. दुपारी घर मलाही खायला उठू लागलं. सहा महिन्यांनी फोनवर मी काकांना सांगितलं, की काकू आता इकडे येत नाहीत.

"मग निघाली असेल," ते म्हणाले. "एकटीने मेट्रोत बसायची तिला सवय नाही. राजीव चौकला गाडी बदलताना गोंधळते ती. लागेल वेळ."