डफ्नीआजीचा सरकारी जावई

वाळवंटातल्या एका आदिवासी वस्तीत डफ्नीआजीच्या घरात चौदा माणसं नि संडास एकच, तोही तुंबलेला. सरकारी कागदावर मात्र तो पैसे खर्चून दोनदा दुरुस्त झाला होता. आजीच्या तोंडाला भिऊन घरदुरुस्तीचे चार सरकारी साहेब बदली मागून पळाले. पाचवा कीथ आला, तो गोडबोल्या निघाला. वस्तीतल्या बायांनी कौतुकानं त्याला नात्यात घेतलं आणि पुढचामागचा विचार न करता आजीचा मानलेला जावई करून टाकला.

झाली पंचाईत! तिथं सासू-जावयानं एकमेकांशी बोलायचं नाही, तोंड बघायचं नाही, जवळून जायचं नाही. आजीच्या जिभेला कुलूपच लागलं.

कीथ निर्धास्तपणे संडास बघायला आत शिरला. मागचं दार फुगून कधीचंच घट्ट अडकून बसलं होतं. आजी आली आणि पुढच्या दारात, आत पाठ करून, ऐसपैस बसली.

"रोझलीन," ती अंगणातल्या नातीला म्हणाली, "जावयाला सांग, मी हितं ऊन खात बसलेय."

"आज्ये, मग त्यो भाईर कसा येनार?"

"न्हाईच येनार. चांगल्या वळनाचा हाय."

आतून कीथ कळवळला, "रोझलीन, त्यांना जरा उठायला सांग ना!"

"प्लंबर आला की उठते म्हनावं. तवर घर आपलंच समज. संडाससुदिक."

कीथनं दहा मिनिटं वास सोसला. मग फोनवर त्याचा आवाज चढला, "कागद गेला खड्ड्यात! माणूस आजच पाठवा!"

प्लंबर येईस्तोवर आजी हलली नाही. जावयाला चहा मात्र तिनं रोझलीनकरवी खिडकीच्या गजांतून पोचवला, साखर जास्त घालून.