प्रत्येक रूममध्ये बाथटब

हॉटेलच्या मॅनेजरनं आमच्यासमोर दोन बादल्या ठेवल्या. "एका रूमला दिवसाला दोन. टँकर आला तर संध्याकाळी बघू."

माझ्या मागं लातूरहून मिनीबसनं आलेलं कुटुंब उभं होतं. कापड दुकानदार गुरप्पा शेटजी, त्यांची बायको, आई आणि दोन मुली. माझ्या टूर्स कंपनीचं हे पहिलंच गिऱ्हाईक. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवी ऑफिसं आली, नवे साहेब आले, तेव्हा सुट्टीत फिरायला जाणारेही निघतील असं धरून मी बोर्ड लावला. पाठोपाठ दुष्काळ पडला.

शेटजी ऑफिसात येऊन एवढंच म्हणाले होते, "पोरींना सुट्ट्या लागल्या. आव्वाला झेपंल आन् पोरींना करमंल असं ठिकान सांगा."

मी या हिल स्टेशनचं ब्रोशर उघडून चौदा पॉइंट वाचून दाखवले. इथं मी कधी आलो नव्हतो. आवाज मात्र दरसाल येणाऱ्या माणसाचा लावला होता. मुलींनी एकही पॉइंट ऐकला नाही. त्या एका फोटोवर बोट ठेवून बसल्या. काठोकाठ भरलेला बाथटब. त्यांच्या घरी नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. परातीत बसून आंघोळ करायची आणि तेच पाणी पुन्हा मोरी धुवायला.

"हे हाय का तिथं?" धाकट्या पार्वतीनं विचारलं.

"प्रत्येक रूममध्ये," मी म्हणालो.

आमच्या धंद्यात बुकिंग 'कन्फर्म' करणं म्हणजे हॉटेलला ट्रंक कॉल लावून सगळं खात्रीनं विचारून घेणं. मी रूम विचारल्या, जेवण विचारलं. डोंगरावर पाणी असणारच, ते काय विचारायचं?

"तुम्ही आधी सांगितलं का नाही?" मी मॅनेजरवर खेकसलो.

"तुम्ही विचारलं का?"

बाथटब मात्र खरोखर प्रत्येक रूममध्ये होता. पार्वती कोरड्या टबात जाऊन बसली आणि नळ फिरवत राहिली. नळातून नुसती हवा फुसफुसली. मग ती रडायला लागली. शेटजींच्या आई, म्हणजे आव्वा, दारातून बघत होत्या.

"येवढ्या लांब आनून काय दाखवायलास बाबा? बादल्या तर आमच्या घरी बी हायत."

 शेटजींची मला जास्त भीती वाटली. ते लातुरात जाऊन बोलणार होते, आणि कापड लाईनीतली सगळी दुकानं ऐकणार होती.

मी खाली येऊन बसच्या पायरीवर बसलो. ड्रायव्हर युसूफभाई काच पुसत होते, तीही कोरड्या फडक्यानं.

"साब, घाट के नीचे नदी लगी थी. पानी था."

"तिथं आपलं हॉटेल नाही, युसूफभाई."

"पानी है ना."

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. तासाभरात आम्ही घाट उतरलो. वरच्या धरणातून पात्रात पाणी सोडलेलं होतं. काठावर एक धर्मशाळा. जमिनीवर सतरंज्या, जेवण खानावळीत. मी शेटजींकडं बघायचं टाळलं.

मुली पाण्यात उतरल्या त्या जेवायलाच बाहेर आल्या. वैनींनी, म्हणजे शेटजींच्या बायकोनं, बरोबर आणलेले सगळे कपडे धुतले, धुतलेलेसुद्धा. आव्वा पायरीवर बसून तांब्यावर तांब्या अंगावर ओतत होत्या. सवयीनं मधेच थांबायच्या, नदीकडं बघायच्या आणि पुन्हा ओतायच्या.

तीन दिवस आम्ही तिथंच राहिलो. चौदापैकी एकही पॉइंट पाहिला नाही. कुणी विचारलंही नाही.

लातुरात शेटजी बोललेच. "त्याच्या हॉटेलात काय दम न्हाई. पन धर्मशाळा लई झकास दाखवितो."

पुढच्या आठवड्यात चार कुटुंबं आली. चौघांनाही तीच धर्मशाळा हवी होती. मी बुकिंगचा फॉर्म नवा छापून घेतला. त्यात पहिलाच प्रश्न टाकला: घरी नळाला किती दिवसांनी पाणी येतं? काही लोक मला पाणीपुरवठ्याचा माणूस समजून तिथंच तक्रार सांगायला लागले. मी ऐकून घेत गेलो. ठिकाण त्यातूनच ठरायचं.