गोलपोस्टमागच्या शिव्या

भरलेल्या मैदानात, सगळ्या प्रेक्षकांच्या कानांदेखत, मी माझ्या मावसभावाला सांगितलं की तुला कोणी शिव्या देत नाही.

साल सत्तरीतलं. मी नुकता नोकरीला लागलेलो, त्यामुळे अक्कलही पगारासोबत मिळते अशा समजुतीत. तो एकोणीस वर्षांचा, शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. दिवाळीनंतर त्याची झोप उडाली. "मागच्या बोळातले लोक भिंतीतून मला शिव्या देतात," म्हणायचा. मावशी त्याला शाहूवाडीकडच्या देवऋषाकडे न्यायला निघाली होती. मी भांडून त्याला डॉक्टरकडे नेलं. इथवर माझं बरोबर होतं.

"लवकर आणलंत," डॉक्टर म्हणाले. "लोक दोन-तीन वर्षं गंडेदोरे करतात, पोराला खांबाला बांधतात आणि मग आमच्याकडे येतात. आता गोळ्या चुकवू नका. झोप होऊ दे, गर्दी-गोंगाट नको. आवाजांवरून वाद घालू नका. मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय, एवढंच म्हणा."

एवढं लांबलचक कोण म्हणणार? मी त्याचं 'कोण काय बोलत न्हाय' करून टाकलं आणि दिवसातून दहा वेळा त्याच्या तोंडावर फेकायला लागलो. वर चहाच्या गाडीवर बसून, आपण किती सुधारलेले, भावाला डोक्याच्या डॉक्टरकडे कसं नेलं, हे पेठेला ऐकवलं. पेठेला सांगितलेलं गावभर व्हायला चहा निवायचाही वेळ लागत नाही.

गोळ्या लागू पडल्या. पोरगं झोपायला लागलं, माझ्या नाकावरून थट्टा करायला लागलं. तेवढ्यात फायनल आली आणि त्याच्या जागी खेळणाऱ्या गोलकीपरचं बोट मोडलं. तालमीचे वस्ताद दारात उभे.

"काय साहेब, पोरगं कोंडून घातलंय व्हय?"

"डॉक्टर नको म्हणाल्यात," मावशी आतून ओरडली.

"अगं मावशी, खेळला की मोकळा होईल!" हे मी. वस्तादांनी पाठीवर थाप मारली आणि मी फुगलो.

फायनलला मी त्याच्या गोलपोस्टमागं उभा राहिलो, तर तिथं नेमके समोरच्या संघाचे लोक. माणूस म्हणून एकालाही घरात घेऊ नये असे. "ए येड्या, गोळी खाल्लीस काय रं?" "भिंतीतनं आवाज येतोय, ऐक की!" सगळा मालमसाला माझ्याच चहाच्या गाडीवरचा. दुसऱ्या हाफमध्ये पोरगं खांबाजवळ आलं. तोंड पांढरं पडलेलं.

"दादा, ह्ये तुला ऐकू येतंय काय?"

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "न्हाय रं. कोण काय बोलत न्हाय."

माझ्या शेजारीच एक जण पत्र्याचा कर्णा लावून त्याच्या आईचा उद्धार करत होता. पोरानं त्या कर्ण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली आणि चालत मैदानाबाहेर गेलं. मोकळ्या गोलात बॉल गेला. मग मला आमच्याच पेठेनं बडवलं. परक्यांनी मारलं असतं तर निदान घरी हळदीचं दूध मिळालं असतं.

त्या दिवसापासून त्यानं गोळी तोंडात घेतली नाही. "तू खोटं बोलतोस. म्हंजे गोळी बी खोटी." झोप गेली, पुन्हा भिंतीला कान. मी माफी मागितली, गळ घातली, शेवटी ओरडलो. मावशीनं मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि त्याच्याशेजारी बसली.

"भिंतीतलं मला न्हाय ऐकू येत, बाळा. पर तुला तरास हुतोय ह्ये दिसतंय. आणि मैदानात त्ये खरंच शिव्या देत हुते. ह्यो बैल खोटं बोलला."

पोरगं ढसाढसा रडलं. चार दिवस ती तेवढंच सांगत राहिली. पाचव्या दिवशी ते डॉक्टरकडे यायला तयार झालं. मीही गेलो, कारण मला नको म्हणायला कोणाला सुचलं नव्हतं.

"आवाज अजून येतात?" डॉक्टरांनी विचारलं. मी लगेच उत्तर द्यायला लागलो, कधीपासून, कसे, किती.

पोरानं मला मधेच तोडलं. "येत्यात, सायेब. पर त्ये मधनंमधनं गप तरी बसत्यात. गोळी घेतो मी, ह्याला आदी भायेर काढा."