खोबरेल प्यायलेले टेलीमार्क बूट

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, कारण आई पलीकडच्या खोलीत मामाला व्हिडिओ कॉलवर हीच गोष्ट सांगतेय आणि तिच्या गोष्टीत मी नुसती गाडी चालवणारी आहे.

आल्झो, म्हणजे बरं तर, पहिल्यापासून. मी जर्मनीत, गेर्लिंगेनला नोकरी करते आणि स्टुटगार्टमध्ये एका उभ्या चढावरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली घरमालकीणबाई राहतात. सत्तरी कधीच ओलांडलीय, नवरा गेला, मुलगा कोलोनला. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सांगून टाकलं, मला ओमा म्हण. म्हणजे आजी. तेव्हापासून ओमा.

ओमा आणि त्यांचे यजमान आयुष्यभर स्की करायचे. लिफ्टने वर जायचं आणि सुसाट खाली यायचं, तसलं नाही हं. जंगलातून स्वतःच्या पायांनी चढायचं आणि स्वतःच्या पायांनी उतरायचं. यात बूट फक्त पुढून स्कीला अडकवलेला असतो, टाच मोकळी. त्यामुळे चालता येतं. उतरताना वळायचं असेल तर एक पाय पुढे सरकवायचा आणि मागचा गुडघा जवळजवळ जमिनीला टेकवायचा, देवापुढे बसता बसता कोणी हाक मारली आणि आपण अर्ध्यातच थांबलो, तसं. याला म्हणतात टेलीमार्क. मी ऑफिसमधल्या एका मुलीबरोबर एकदा केलं आणि वेडीच झाले. ते ओमांच्या कानावर गेलं, म्हणजे मीच घातलं, जिन्यात उभी राहून, बराच वेळ.

तर एक दिवस त्या तळघरातून दोन जोड घेऊन वर आल्या. दोन्ही चामड्याचे. एक त्यांचा, एक यजमानांचा. म्हणाल्या, माझं स्कीइंग संपलं, दोन्ही घालून बघ, आवडेल तो ठेव, दुसरा फ्लोमार्क्टला, म्हणजे जुन्या बाजारात, देऊन टाकू. इतक्या सहज म्हणाल्या, जसं काही दोन फुलदाण्या आणल्यात. त्यांच्या पायाच्या अंगठ्यापाशी हाड वाढलंय, स्वतःचे बूट त्यांना कधीपासून होत नाहीत. पण त्यांनी ते दरवर्षी मेण लावून ठेवले होते. कशासाठी, ते मी तेव्हा विचारलं नाही.

आता बुटांबद्दल सांगू द्या, प्लीज. ओमांचा जोड हलका, घोट्यापर्यंत, मऊ. घालून सपाटीवर निघालं की कळतसुद्धा नाही पायात काही आहे, दिवसभर चाला. पण उतारावर वळायला गेलं की बूट म्हणतो बघ बाई तुझं तू. पाय आत एकीकडे आणि स्की तिसरीकडे. यजमानांचा जोड म्हणजे किल्ला. घोट्याच्या वर येणारा, जाड, दुहेरी शिवण, लेस बांधायला दोन्ही हातांचं बळ लागतं. चालताना टाच सोलून काढतो. पण वळताना! घराच्या मागच्या सफरचंदाच्या झाडांच्या उतारावर बर्फ पडला होता, तिथे मी दोन्ही घालून बघितले. हलक्या बुटात तीनदा आपटले. जड बुटात, दोन जोडी लोकरी मोजे घालून, गुडघा वाकवला आणि स्की अशी गोल फिरली, जशी कोणीतरी खालून हाताने फिरवली. ओमा खिडकीतून बघत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, फक्त मान हलवली, गेनाऊ, अगदी बरोबर, असं. मी ठरवलं, हाच. ओमा म्हणाल्या, शनिवारी आल्बच्या डोंगरावर जाऊ, खऱ्या बर्फात बघू, मग तुझा. मेणच लावायचं, तेही पातळ, आणि हायत्सुंगजवळ, म्हणजे खोलीतल्या हीटरजवळ, ठेवायचा नाही. मी मान डोलावली.

आणि इथे आई.

आई तीन महिन्यांसाठी आलीय. कोल्हापूरजवळची. मी ऑफिसला गेले की तिला घर खायला उठतं. तिने सगळे डबे घासले, पडदे धुतले आणि मग तिची नजर गेली त्या बुटांवर. इतके ताठ, इतके कोरडे! तिच्या माहेरी नवीन वहाणा आल्या की पहिलं काम म्हणजे तेल पाजायचं. प्यायल्या नाहीत तर चावतात. तिने माझ्या टाचेवरची चिकटपट्टी बघितली होतीच. तर आठवडाभर, मी ऑफिसला गेले की, माझी आई आंघोळीनंतर केसांना लावून उरलेलं खोबरेल त्या बुटांना चोळत होती. मग ते प्यायला हवं म्हणून बूट हायत्सुंगवर. मग परत तेल. मला सांगितलं नाही, कारण सरप्राइज. वास मला आला नाही, कारण आई आल्यापासून माझ्या घराला, जॅकेटला, लॅपटॉपलासुद्धा खोबरेलाचाच वास आहे.

शुक्रवारी तिनेच बूट पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवले. शनिवारी सकाळी आम्ही तिघी निघालो. ओमा पुढे, मांडीवर कॉफीचा थर्मास. आई मागे, दोन शाली आणि थालीपीठं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी वाटेत दोघी एकाच वेळी माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत होत्या.

आल्बवर पार्किंगमध्ये उतरलो. थंडी अशी की नाकातले केस कडक. ओमांनीच पिशवी उघडली, त्यांना स्वतःच्या हाताने मला लेस बांधून द्यायची होती. त्यांनी बूट बाहेर काढला आणि तशाच उभ्या राहिल्या.

बूट पांढरा झाला होता. रात्रभर डिकीत खोबरेल गोठलं होतं. प्रत्येक शिवणीत, प्रत्येक सुरकुतीत पांढऱ्या रेघा. ओमांनी वास घेतला. अंगठ्याने घोट्यापाशी दाबलं, आणि तो किल्ला आत गेला, सरळ आत, पिकलेल्या पेरूसारखा.

मला बूट मिळणार की नाही, हे डोक्यातसुद्धा नव्हतं. त्या माणसाचा पाय ज्यात इतकी वर्षं होता, त्याचा आकार आमच्या घरात तेलात बुडवून मोडला होता. ओमांनी माझ्याकडे न बघता विचारलं, कोणी केलं. मी तोंड उघडलं, मीच म्हणणार होते. पण आईला न सांगता सगळं कळतं.

"सांग त्यांना, मी लावलं," आई म्हणाली. मग सरळ ओमांनाच, मराठीत, "अहो, पोरीची टाच सोलली होती हो. तेलाशिवाय कातडं चावतंच. चुकलं असलं तर माझं चुकलं."

मी भाषांतर केलं. ओमा गाडीच्या उघड्या डिकीत बसल्या, बूट मांडीवर. मग जर्मनमध्ये, हळूच म्हणाल्या, "त्याचीही टाच सोलायची. दर हिवाळ्यात. मी म्हणायचे मऊ कर, तर हात लावू द्यायचा नाही."

आणि मग त्यांनी काय केलं असेल? स्वतःचे बर्फातले बूट काढले आणि तो पांढरा, तेलकट बूट पायात चढवला. यजमानांचा पाय त्यांच्यापेक्षा मोठा. वाढलेलं हाड त्या मऊ चामड्यात मजेत सामावलं. त्या उभ्या राहिल्या. दोनदा टाच उचलली. मग मला म्हणाल्या, डिकीत माझा जोड आहे, तू तो घाल.

त्यांनी स्वतःचा जोड सोबत आणला होता! फ्लोमार्क्टला द्यायचा होता ना?

स्की एकच जोडी होती, माझी भाड्याची. ती मी त्यांना दिली. आईने एक हात धरला, मी दुसरा. मग त्यांनी आईचा हात सोडवला, माझा सोडवला, आणि सपाट वाटेवर निघाल्या. हळू, पण काय डौल! आई शाल सावरत शेजारून चालत होती आणि मराठीत सूचना देत होती, अहो सावकाश, अहो डावीकडे खड्डा आहे. ओमा जा, जा म्हणत होत्या, म्हणजे जर्मनमध्ये हो, हो.

परत आल्यावर गाल लाल. म्हणाल्या, बूट वळायच्या कामातून गेला, उतारावर आता काही कामाचा नाही, सरळच चालायचं. हे म्हणताना एकदा त्यांनी घोट्यापाशी परत दाबून बघितलं, आणि तेवढ्यापुरता चेहरा पडला. मग थालीपीठ मागितलं.

तर आता तो जोड त्यांच्याकडे, आणि माझ्याकडे त्यांचा हलका, ज्यात मला एकही वळण घेता येत नाही. रविवारी पुन्हा जायचंय. आज खाली गेले तर ओमा बुटाला मेण लावत होत्या, आणि शेजारी आईची खोबरेलाची बाटली. आईने दिलीय म्हणे, ठेवूनच घ्या.

मला खरंच जाणून घ्यायचंय, तुमच्या आईने कधी कोणाची अशी जपून ठेवलेली वस्तू मायेने पार बिघडवली, आणि ज्याने ती जपली होती त्यालाच ती वापरता आली, असं झालंय का तुमच्याकडे?