तिसावी मेंढी

माझ्या वडिलांचे, आप्पांचे, दोन्ही गुडघे झिजलेत. जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस. पाय साथ देईनात तेव्हा मीच कटकट करून मेंढरं विकायला लावली. आता आठवड्यातून दोनदा त्यांना वारूळवाडीहून स्कूटरवर जुन्नरला फिजिओथेरपीला नेते.

तिथली डॉक्टर मांडीला रुंद पट्टा बांधून त्यात हवा भरते. रक्ताचा ओघ थोडा अडला, की हलक्या वजनानंही स्नायूला जड काम केल्यासारखा व्यायाम होतो आणि गुडघ्यावर फार ताण येत नाही. पहिल्या दिवशी घोट्याला बांधलेलं किलोभर वजन बघून आप्पा भडकले, "आगं, जलमलेलं कोकरू यापेक्षा जड आसतं!"

खुर्चीत बसून पाय तीस वेळा सरळ करायचा. आप्पांची मोजणी दर वेळी चुकायची. वैतागून मी मोजायला लागले, तर मलाच गप्प केलं. "मेंढरं कोण मोजतं व्हय? ती वळखायची आसत्यात." मग डोळे मिटून, पाय उचलला की एक मेंढी आठवायची: काळतोंडी, फाटक्या कानाची, लंगडीची लेक. तेव्हापासून गोंधळ थांबला, फक्त दर वेळी एकोणतीसवर ते थांबायचे.

परवा डॉक्टर म्हणाली, "आजोबा, अजून एक राहिली."

"ती वाघानं नेली, पोरी. माझा गुडघा धरला व्हता तवा. पोचलोच न्हाय."

तिनं पट्ट्यातली हवा सोडायला हात पुढं केला. आप्पांनी तो अडवला, पाय वर उचलला आणि कितीतरी वेळ खाली ठेवलाच नाही.