दमाच सांगायचं

आमच्या घरात आजारालाही खोटं नाव लागतं. वडील झोकांड्या खात चालायचे, तेव्हा गाव म्हणायचं, हा सकाळीच घेऊन बसतो. दारूला ते कधी शिवले नाहीत, पण आमच्या लोकांनी ते खपवून घेतलं. रक्तातून उतरणाऱ्या रोगापेक्षा दारू बरी, तिच्यानं मुलींची स्थळं परत जात नाहीत.

पुढं तोच रोग माझ्या थोरल्या भावात उतरला. आधी तोल गेला, मग जीभ जड झाली, मग घसा आणि छाती ऐकेनाशी झाली. श्वास आत घेताना शीळ वाजायची. आमच्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, लगेच नाव शोधलं: दमा. वहिनीला डॉक्टरांपुढंही दमाच सांगायला लावलं. मग काय, भाऊ वर्षभर पंप ओढत बसला! शेवटी पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला, तेव्हा तळेगावच्या डॉक्टरांनी खरं ते बाहेर काढलं आणि मास्कमधून हवा ढकलणारं मशीन दिलं.

मी लोणावळ्यात राहते. शनिवार-रविवारी लोक तिथं हवा खायला येतात आणि रस्ते तुंबवतात. इकडं बेडशाच्या डोंगराखाली, आमच्या गावात, माझा भाऊ त्याच हवेसाठी मशीनला बांधलेला. चीड येते, आणि ती काढायची कुणावर ते कळत नाही.

परवा भावाच्या मुलीला बघायला पाहुणे आले. सकाळीच ती मला म्हणाली होती, "आत्या, खोटं सांगून मला न्हाई नांदायचं." पाहुणे टेकले न टेकले तोच आबा मागच्या खोलीत आले.

"ते मशीन बंद कर गं. भाईर आवाज येतोय."

"आबा, आडवं झाल्यावर दादाला त्याच्याबिगर श्वास पुरत न्हाई."

"घटकाभरानं काय व्हतंय? पोरीचं जमू दे."

भावाला बोलता येत नव्हतं, कळत मात्र सगळं होतं. त्यानं स्वतःच हात मास्ककडं नेला. तो हात बघून माझं डोकंच फिरलं. मी तो धरून खाली ठेवला आणि मधलं दार सताड उघडलं.

मशीनचा आवाज बाहेर गेला तशी मुलाची आई पोह्यांची बशी हातात घेऊनच उंबऱ्यात आली. आबा घाईनं म्हणाले, "जुना दमा हाय त्याला."

"दमा न्हाई," मी म्हणाले. "आमच्या वडलांचाच रोग हाय. पोरीत उतरलाय का न्हाई, आमाला ठाऊक न्हाई."

आता ही बाई बशी ठेवून उठवणार सगळ्यांना, असं मला वाटलं. ती मास्कच्या पट्ट्यांकडंच बघत राहिली.

"आमच्या मालकांनाबी असंच झालतं," ती हळूच म्हणाली. "आमीबी दमाच सांगतो. त्यांना हे मशीन न्हाई मिळालं."

आबा खाली मान घालून बाहेर गेले. लग्नाचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

निघताना तिनं वहिनीला बाजूला घेऊन तळेगावच्या डॉक्टरांचा पत्ता विचारला. कुणासाठी, ते वहिनीनं विचारलं नाही. अंगणात नवरा मुलगा बूट घालत होता, एका हातानं भिंत घट्ट धरून.