मुग्धाची पोवळी आणि आमची आळी

शेजारच्या घराची किल्ली एकदा आपल्या खुंटीला आली, की तिच्याबरोबर त्या घरातले किस्सेही येतात. शालनवहिनींची किल्ली बावीस वर्षं आमच्याकडे आहे. आता हिशेब करा! सगळे सांगत बसले तर भात करपेल, म्हणून फक्त पोवळ्यांचे सांगते.

वहिनींची मुग्धा प्रवाळांवर, म्हणजे आपल्या पोवळ्यांवर, पीएचडी करते. गेल्या वर्षी वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरात दुसरं कोणी नाही, आणि तिकडे तिच्या लॅबचं छत दुरुस्तीला काढलेलं. म्हणून तिच्या सरांनी लॅबमध्येच वाढवलेले सहा तुकडे, परवानगीच्या शिक्क्यांच्या कागदांसकट, तिच्याबरोबर महाडला धाडले. चार वर्षांची मेहनत त्या सहा तुकड्यांत! ते बिघडले असते तर पोरीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

*

टेम्पोतून दोन काचेच्या टाक्या उतरल्या. समोरचे सलूनवाले भिकूभाऊ, मूळचे पोलादपूरकडचे, गिऱ्हाईकाच्या गालाला साबण तसाच ठेवून बघायला आले.

"मुग्धे, आपल्या सावित्रीच्या पात्रात दगड कमी पडलं काय गो?"

"भाऊ, हे दगड नाहीत. जिवंत प्राणी आहेत."

भिकूभाऊंनी काचेला नाक लावून दोन मिनिटं पाहिलं. तुकडे काही हलेनात.

"जिवंत हाय? मग खातं काय?"

तेव्हापासून आळीत कोणीही नवं आलं, पाहुणा असो की नवी सून, भिकूभाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला : "खातं काय?"

*

एक टाकी साधी, दुसरी आंबट. प्रत्येकीत तीन तुकडे. आंबट टाकीत नळीने गॅस सोडलेला. मी विचारलं, हा छळ कशाला?

मुग्धा म्हणाली, "काकू, गाड्यांचा, कारखान्यांचा सगळा धूर हवेत राहत नाही. त्यातला बराचसा गॅस समुद्र पितो. सोड्याच्या बाटलीत भरतात तोच गॅस. त्याने पाणी हळूहळू आंबटपणाकडे झुकतं. पोवळं पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपली हाडं बांधतं. कॅल्शियम भरपूर असतं, पण आंबट पाण्यात कार्बोनेट कमी पडतं. मग बिचाऱ्याला अंगाखालचं आंबट बाहेर फेकत फेकत बांधावं लागतं. दमतं ते. बांधतं, पण पोकळ."

मला अर्धं कळलं. आमचे हे बांधकामाची कामं घेतात. ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "साइटवर वाळू ढीगभर आणि सिमेंट गायब. त्यात गवंड्याला पाणीही उपसायला लावलंय. भिंत पोकळच होणार!"

मुग्धाने ते वहीत लिहून घेतलं. आमच्या ह्यांचं बोलणं कोणी लिहून घेण्याची ती पहिलीच वेळ. दोन दिवस माझ्याशी सुद्धा सावकाश बोलत होते, मी लिहून घेईन म्हणून!

*

जुलैत भोंगा वाजला. सावित्रीचं पाणी वाढतंय. महाडकरांना काय करायचं ते सांगावं लागत नाही. कोण फ्रीज उचलतो, कोण धान्याची पिंपं, कोण कागदपत्रांची पिशवी, सगळं माळ्यावर. पण त्या दिवशी भिकूभाऊ आणि आणखी तिघे कोणी न सांगता शालनवहिनींच्या घरात शिरले आणि दोन्ही टाक्या निम्म्या रिकाम्या करून, पाणी बादल्यांत धरून, वरच्या मजल्यावर नेल्या. लाइट गेलेली. हवेचा पंप बंद. मग सलूनमधला इन्व्हर्टर आला.

वहिनी कॉटवरून ओरडतायत, "अरे, माझा टीव्ही खाली राहिला!"

भिकूभाऊ जिन्यातून म्हणाले, "वहिनी, टीव्ही मेलेलाच असतोय. हे जिवंत हाय!"

पाणी आमच्या पहिल्या पायरीला लागलं आणि संध्याकाळी मागे फिरलं. देवासारखं! टीव्ही वाचला, पोवळी वाचली. इन्व्हर्टर मात्र भिकूभाऊंनी चार दिवस परत नेला नाही. सलूनमध्ये अंधार आणि गिऱ्हाइकांना सांगतायत, "वर पेशंट हाय."

*

आता माझी पाळी.

पोवळ्यांचं वजन पाण्यातच करतात, दोऱ्याने काट्याला लटकवून. त्या दिवशी पंखा बंद, बोलणं बंद, आळीतल्या आम्ही पाचजणी श्वास धरून उभ्या. बारशाला कानात नाव सांगतानाही एवढी शांतता नसते. साधी टाकी वाढली. आंबट टाकी जेमतेम.

बांधायला चुना नाही म्हणे! आणि माझ्या कमरेला काय? पानाची डबी!

लग्नापासून मी पान खाते आणि लग्नापासून आमचे हे त्यावरून बोलतात. मंगळवारी, शुक्रवारी मुग्धा वहिनींना व्यायामाला घेऊन जायची. किल्ली माझ्याकडे. मी जायची आणि पानाला लावते तेवढाच चुना, बोटाच्या टोकावर, आंबट टाकीत कालवून यायची. "खा बाळांनो," असंही म्हणायची. सहा आठवडे!

*

मग एके दिवशी बघते तर मुग्धा टाकीसमोर जमिनीवर बसून रडतेय.

"काकू, आंबटपणा मोजायचं मीटर बिघडलंय. दर मंगळवारी, शुक्रवारी आंबट टाकीचा आकडा वर उडी मारतो, म्हणजे आंबटपणा एकदम कमी. दोनदा मीटर तपासलं. कारण सापडलं नाही तर सर म्हणतील, सगळं फेकून दे. चार वर्षं गेली माझी."

माझ्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. घरी आले, दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी डबी घेऊन गेले आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

"मीटर चांगलं आहे गं. मी वाईट आहे."

मंगळवार-शुक्रवारचं सगळं सांगून टाकलं. तिने सरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. माझा पराक्रम सांगितला. आमचे हे दारात उभे.

मग सर म्हणाले, "फेकू नका. पहिल्या दोन महिन्यांचे आकडे स्वच्छ आहेत, ते तसेच धरू. आंबट पाण्यात चुना घातल्यावर काय होतं, हेही तपासण्यासारखंच आहे. पण दर वेळी किती घातला, ते नेमकं कळायला हवं. नाहीतर उपयोग नाही."

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पानाला लावते तेवढा."

"म्हणजे किती, काकू?"

"अगं, तेवढाच!"

तिने पोवळ्यांचा नाजूक काटा पुढे ओढला, कागदाचे दहा सारखे तुकडे कापले. "लावा." मी डबी उघडली, बोट बुडवलं, पहिल्या कागदाला पुसलं. तिने वजन लिहिलं. दुसरा. तिसरा. पाचव्या कागदाला मुग्धाने काटा पुसून पुन्हा शून्यावर आणला. सातव्याला ती हसायला लागली. दहावा झाल्यावर तिने वही आमच्या ह्यांच्या हातात दिली. दहाही आकडे जवळजवळ एकच!

आमचे हे वही डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "लग्नापासून ओरडतोय मी. मला काय माहीत, सराव चाललाय!"

मुग्धाने सरांना पुन्हा फोन लावून दहाही आकडे वाचून दाखवले. पलीकडून कागदाची सळसळ ऐकू आली.

"उत्तम! एवढी अचूक मात्रा हाताने येत नाही. यंत्राचं नाव लिहावं लागेल. कुठल्या कंपनीचं आहे?"

मुग्धाने डोळे पुसले, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि फोन तोंडाजवळ धरला.

"कंपनी माहीत नाही, सर. पण पान खातं."